बाटलीतला सुगंध आणि घरातली हवा

स्वयंपाकघराच्या ओट्याखाली जो सिलिंडर उभा असतो, त्यातील वायूला स्वतःचा असा वास नसतो. प्रोपेन आणि ब्यूटेन ही त्यातील दोन प्रमुख द्रव्ये. शुद्ध स्वरूपात ती नाकाला जवळजवळ कळतच नाहीत. गळती झाली की कुजक्या कोबीसारखा जो उग्र दर्प पसरतो, तो इथिल मरकॅप्टन नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य त्या वायूत मुद्दाम, अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. असा वास मिसळण्याच्या सक्तीमागे एक शोककथा आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, न्यू लंडन या गावच्या शाळेत, तळघरात साचलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले. त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. वायू गळत होता, पण वास नसल्यामुळे तो कोणाच्या ध्यानात आला नाही. त्यानंतर टेक्सासने वायूला वास देण्याची सक्ती केली आणि ही प्रथा पुढे सर्वत्र रूढ झाली.

त्याच वायूंचा दुसरा एक अवतार आता मध्यमवर्गीय घरांत स्थिरावला आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर फवाऱ्याच्या डब्यांतून क्लोरोफ्लुरोकार्बन हद्दपार होत गेले. आज खोलीत सुगंध फवारणाऱ्या डब्यांत दाब देण्यासाठी सामान्यतः ब्यूटेन-प्रोपेनच वापरले जातात. मात्र त्यांचा उरलासुरला वासही आधी काढून टाकलेला असतो. म्हणजे एकाच घरात, एकाच जातीच्या द्रव्यांची ही दोन रूपे नांदतात. एकात घाणेरडा वास घातला जातो, तो रहिवाशाला धोका कळावा म्हणून. दुसऱ्यातून वास काढून वर मोगऱ्याचा किंवा लिंबाचा दरवळ चढवला जातो, तो घरात काय चालले आहे हे रहिवाशाला व त्याच्या पाहुण्यांना कळू नये म्हणून.

वास ही प्रथमतः माहिती आहे. सुख किंवा दुःख ही पुढची गोष्ट. मराठी संसाराने करपट, खवट, आंबूस, हिवस, कुबट, कोंदट अशी शब्दांची जी शिदोरी पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवली आहे, ती काही अलंकारासाठी नव्हे. करपट म्हटले की शेगडीकडे धावायचे, खवट म्हटले की खोबरे टाकून द्यायचे, कुबट म्हटले की अंथरूण-पांघरूण उन्हात घालायचे आणि कोंदट म्हटले की खिडकी उघडायची. प्रत्येक शब्दात निदान आहे आणि उपायही. (मराठीत 'वास' या एकाच शब्दाने राहणे आणि गंध हे दोन्ही अर्थ व्यक्त व्हावेत, हाही एक बोलका योगायोग.) जाहिरातीच्या भाषेत मात्र दोनच शब्द उरतात: दुर्गंध आणि ताजेपणा. पहिला नाहीसा करून दुसरा आणण्यासाठी एक कळ दाबली की पुरते. तो दुर्गंध कशाचा होता, हा प्रश्नच मग उद्भवत नाही. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल धरते, तिच्यावर बुरशी चढते, तिचे सूक्ष्म बीजकण खोलीत तरंगतात आणि घरातील दमेकऱ्याला रात्री धाप लागते. नाकाने हे सर्व आठवडाभर आधीच सांगितलेले असते. गुलाबाच्या फवाऱ्याने त्या निरोप्याला दारातूनच परत पाठवले जाते. भिंत ओलीची ओलीच राहते.

'फ्रेशनर' हे नाव या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहे. ताजी हवा म्हणजे बाहेरून आलेली हवा. दुसरा अर्थ संभवत नाही. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली माणसांच्या गर्दीने बिघडलेली हवा मोजण्याची एक साधी खूण सुचवली: खोलीतील कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण. दहा लाख भागांत एक हजारापर्यंत ठीक, त्यापुढे हवा बदलली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता आणि दीडशे वर्षांनंतरही तो स्थूलमानाने वापरात आहे. बाहेरच्या हवेत आज हे प्रमाण सव्वाचारशेच्या आसपास आहे. बंद खोलीत चार-पाच माणसे झोपली की सकाळपर्यंत ते हजाराच्या कितीतरी पुढे जाऊ शकते. या वायूला वास नाही. त्यामुळे सुगंधाच्या कोणत्याही बाटलीला तो दिसत नाही, सापडत नाही, हटत नाही.

लिंबाचा वास, लिंबांचा बाजार

सुगंधी द्रव्य हवेत काही कमी करत नाही, एवढ्यावरच गोष्ट थांबली असती तर तिला निरुपद्रवी हौस म्हणून सोडून देता आले असते. परंतु ते हवेत भर घालते. लिंबाच्या वासासाठी वापरले जाणारे लिमोनिन आणि देवदाराच्या वासाचे पायनीन ही द्रव्ये ओझोन वायूशी सहज संयोग पावतात. हा ओझोन बाहेरच्या शहरी हवेतून घरात येतच असतो. या संयोगातून फॉर्माल्डिहाइड तयार होते आणि अतिसूक्ष्म कणही तयार होतात. विल्यम नझॅरॉफ आणि चार्ल्स वेश्लर या संशोधकांनी २००४ साली या रसायनक्रियेचा सविस्तर आढावा घेतला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातले. लिमोनिन हे फळाच्या सालीतून निघते, ते 'नैसर्गिक' आहे, हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. ओझोनला फळातील लिमोनिन आणि कारखान्यातील लिमोनिन यांत भेद करता येत नाही.

अ‍ॅन स्टाइनमन या संशोधिकेने सहकाऱ्यांसह २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. हवा सुगंधित करणारे पदार्थ, धुण्याची द्रव्ये, स्वच्छतेची व अंगाला लावण्याची प्रसाधने अशी सुगंध असलेली पंचवीस उत्पादने त्यांनी अमेरिकेच्या बाजारातून घेतली आणि त्यांतून हवेत काय उडते ते मोजले. एकूण १३३ निरनिराळी बाष्पनशील द्रव्ये सापडली. त्यांपैकी २४ द्रव्ये अमेरिकेच्याच संघराज्य कायद्यांनुसार विषारी अथवा घातक म्हणून नोंदलेली होती, आणि अशा नोंदलेल्या द्रव्यांपैकी किमान एक तरी द्रव्य प्रत्येक उत्पादनातून बाहेर पडत होते. 'नैसर्गिक' किंवा 'हरित' म्हणवणारी उत्पादने याला अपवाद नव्हती. या १३३ द्रव्यांपैकी उत्पादनांच्या वेष्टनावर उल्लेखलेले द्रव्य होते अवघे एक.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या ठिकाणी जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० सालचा निबंध आठवल्याशिवाय राहणार नाही. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारात चांगला माल टिकत नाही, असे त्यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवले. याच कार्याबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अमेरिकन बोलीत खराब निघालेल्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात आणि निबंधाच्या शीर्षकातही तेच लिंबू आहे. लिंबाच्या वासाच्या बाटलीला हा निबंध इतका चपखल लागू पडावा, हा निव्वळ शब्दांचा विनोद म्हणता येणार नाही. जुन्या मोटारीचे लिंबूपण निदान सहा महिन्यांत रस्त्यावर उघडे पडते. हवेचे तसे नाही. पंधरा वर्षांनी छातीत उठलेली घरघर कोणत्या बाटलीची, कोणत्या धुराची की कोणत्या रस्त्याची, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि ज्या दोषाचा माग लागत नाही, त्याची शिक्षा बाजारात कोणालाच होत नाही.

भारतात या अज्ञानाला नियमांची साथ आहे. बिस्किटाच्या पुड्यावर त्यातील घटकांची यादी छापावी लागते. डास पळवणाऱ्या विजेच्या उपकरणातील द्रव हा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतो, त्यामुळे त्यातील क्रियाशील द्रव्याचे नाव व शेकडा प्रमाण बाटलीवर असते. त्याच्या शेजारच्या खुंटीला लावलेल्या सुगंधी द्रवाच्या बाटलीवर मात्र वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, परिमाण, महिना-वर्ष आणि किंमत असली की कायद्याचे समाधान होते. आत काय आहे हे 'सुगंधी द्रव्य' या एका शब्दात गुंडाळता येते. प्रौढ माणूस दिवसाकाठी दहा-बारा हजार लिटर हवा आत घेतो. चार बिस्किटांबद्दल त्याला जो हक्क मिळाला आहे, तो या हजारो लिटरांबद्दल मिळू नये, याला समर्थन काय? कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली स्वच्छतेच्या द्रव्यांविषयी माहितीच्या हक्काचा कायदा केला. हवा सुगंधित करणारी उत्पादने त्याच्या कक्षेत आहेत, आणि त्या कायद्यामुळे तेथील कोणताही कारखाना बंद पडल्याचे ऐकिवात नाही. युरोपीय संघाने तर हवा सुगंधित करणाऱ्या व शौचालयात ठेवण्याच्या वड्यांत पॅराडायक्लोरोबेन्झिन वापरण्यास २०१४ साली नियम करून मनाई केली.

दोषांचे तारतम्य

तथापि, येथे तारतम्य सोडता कामा नये. पाहुणे येण्यापूर्वी एखाद्या वेळी केलेला फवारा म्हणजे विषप्रयोग नव्हे. मात्रा किती, खोली केवढी आणि हवा किती वेळात बदलते, यांवर सारे अवलंबून असते. घरातील हवेच्या दोषांची यादी केली तर सुगंधाची बाटली त्यात बरीच खाली येईल. तिच्या कितीतरी वर चूल आहे.

कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या अंगावर मोजणीची उपकरणे लावली. स्वयंपाकाच्या वेळी दर घनमीटर हवेत सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम कण त्यांना आढळले. औद्योगिक शहरांतील धुराड्यांवर परिषदा भरवणाऱ्या जगाला हे आकडे अविश्वसनीय वाटले. त्या स्त्रियांना ते डोळ्यांच्या पाण्यावरून ठाऊक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. जुन्या वाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. चौकातून वारा खेळत होता हे खरे, पण माजघरामागच्या काळोख्या स्वयंपाकघरातील भिंती आणि तेथे राबणाऱ्या बायकांचे डोळे यांना त्या वाऱ्याचा वाटा फारसा मिळत नव्हता.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या, हे मोठेच काम झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा ४३.८ होते, ते २०१९-२१ मध्ये ५८.६ वर गेले. पण जोडणी घेणे वेगळे आणि सिलिंडर पुन्हा भरणे वेगळे. उज्ज्वलाच्या लाभार्थी कुटुंबांनी २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर घेतले, आणि २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेचारच्या आसपास पोहोचला. चार-पाच माणसांच्या कुटुंबाचा सारा स्वयंपाक एवढ्यात भागत नाही. उरलेला चुलीवर होतो. सरपण फुकट मिळते, सिलिंडरला रोख पैसे मोजावे लागतात. या निवडीत अज्ञान नाही, हिशेब आहे. तो हिशेब बदलायचा तर भिंतीवरच्या घोषणांपेक्षा सिलिंडराच्या किमतीकडे पाहावे लागेल.

चुलीखालोखाल डासांच्या अगरबत्तीचा क्रम लावावा लागेल. चीन आणि मलेशियातील अशा कॉइलवर झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, एक कॉइल पूर्ण जळताना जितके सूक्ष्म कण बाहेर पडतात, तितके कण ७५ ते १३७ सिगारेटी जळताना पडतात. घरात कोणी विडीला शिवत नाही, असे अभिमानाने सांगणाऱ्या कुटुंबात रात्रभर मुलांच्या उशाशी ही अगरबत्ती धुमसत असते. साध्या उदबत्तीचेही मोजमाप झालेले आहे: एक ग्रॅम जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण, तर सिगारेटीच्या बाबतीत सुमारे १०. येथे श्रद्धेचा प्रश्न उपस्थित करण्याचे कारण नाही. देवळाच्या मोकळ्या सभामंडपात किंवा अंगणातल्या तुळशीपुढे लावलेली उदबत्ती आणि दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत घमघमणारा जुडगा, यांत देव एकच असला तरी हवा एक नसते.

डांबरगोळ्यांची गोष्टही थोडक्यात सांगायला हवी. नॅप्थलिनच्या या गोळ्या कपड्यांच्या पेटीबरोबर न्हाणीघराच्या मोरीतही सर्रास टाकल्या जातात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते, अशा तान्ह्या मुलांच्या तांबड्या रक्तपेशी या बाष्पाने फुटू शकतात. बाळंतविड्यातील कपडे पेटीतून काढून थेट बाळाच्या अंगावर चढवण्यापूर्वी ते धुऊन उन्हात वाळवणाऱ्या आजीबाईंना विकराचे नाव ठाऊक नव्हते, त्यांची कृती मात्र अचूक होती.

आता या साऱ्या वस्तू एका साखळीत ठेवून पाहाव्यात. वस्तीतील गटार तुंबते, त्यात डास वाढतात. डास येतात म्हणून संध्याकाळी खिडक्या बंद होतात. तरीही आलेल्या डासांसाठी कॉइल पेटते. बंद खोलीत धूर आणि कोंदटपणा साचतो, तो लपवण्यासाठी सुगंधाची बाटली येते. मुलाला खोकला सुरू झाला की औषध येते, दवाखाना येतो. हातात पैसा खेळत असेल तर हवा शुद्ध करणारे यंत्रही येते. त्या यंत्राची गाळणी कण अडवते, पण वायू व बाष्पे यांपुढे ती बहुधा हात टेकते. यांतील प्रत्येक वस्तूची खरेदी राष्ट्रीय उत्पन्नात मिळवली जाते. उघड्या खिडकीतून आलेला वारा मात्र कोठेच मिळवला जात नाही. माणसाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशीच लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगूंचा जुना दाखला अर्थशास्त्राच्या वर्गात हशा पिकवतो. गटार साफ केल्याने राष्ट्रीय उत्पन्न घटू शकते, या दाखल्यावर हसू येणे अवघड आहे. एका बिघाडाची निस्तरणी करण्यासाठी केलेला खर्च हा सुबत्तेचा पुरावा म्हणून मोजला जातो, आणि ज्या नगरपालिकेने गटार वाहते ठेवायचे ती या साखळीच्या पहिल्या कडीपाशी निर्धास्त बसून राहते.

कुंड्यांचा उपाय या संदर्भात हमखास सुचवला जातो. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९८९ साली बंदिस्त पेट्यांत केलेल्या प्रयोगांचा त्याला आधार दिला जातो. २०१९ साली या विषयावरील प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडण्यात आला, तेव्हा असे दिसले की इमारतीत नैसर्गिकरीत्या होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायची तर दर चौरस मीटर जमिनीमागे दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. कुंड्या ठेवाव्यात, त्या शोभेच्या म्हणून.

हवेची किंमत

अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विनामूल्य वस्तूचे उदाहरण म्हणून हवेचे नाव घेतले जाते. पुरवठा अमर्याद, म्हणून किंमत शून्य. उघड्या माळावर हे खरे आहे; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते खरे नाही. घरातील हवेला जागा लागते, आणि शहरात जागेला भाव असतो. दोन इमारतींमधील मोकळी पट्टी रुंद ठेवायची तर तेवढे बांधकाम कमी करावे लागते. हा त्याग कोणी करायचा, हे बाजार ठरवणार नाही. नियमाने ठरवावे लागते.

हे मुंबईने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट, अंधाऱ्या चाळींतील दूषित हवेतून रोग उपजतो, ही तेव्हाची समजूत. प्लेगापुरती ती चुकीची होती. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसवांचा संबंध दाखवून दिला. निदान चुकले, तरी त्यातून निघालेला एक नियम मोलाचा ठरला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा दंडक आग्रहाने मांडला. तळमजल्यावरील खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली तर ती जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे अंतर मोकळे हवे. या ट्रस्टने घरे पाडली अधिक आणि बांधली कमी, विस्थापित गरिबांची सोय लावण्यात तो अपुरा पडला, हे त्याच्यावरील आक्षेप रास्तच आहेत. तरीही हवेवरचा हक्क पट्टीने मोजता येईल अशा भाषेत त्याने लिहून ठेवला.

त्यानंतर मुंबईत काय घडले, हे पाहण्यासाठी गोवंडी-मानखुर्दला जावे. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्या कुटुंबांसाठी २००० नंतरच्या दशकात तेथे लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती उभ्या राहिल्या. घर २२५ चौरस फुटांचे. पुनर्वसनाच्या इमारती म्हणून मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती मिळाल्या, आणि बहुमजली इमारतींच्या रांगांमध्ये अंतर राहिले जेमतेम तीन मीटर. ऑर यांच्या कोनाने पाहिले तर वीस मीटर उंचीच्या इमारतीपुढे दहा मीटर मोकळे हवेत. डॉक्टरांच्या एका स्वयंसेवी संस्थेने आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी या भागातील तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. जेथे उजेड आणि वारा कमी, तेथे क्षयरोगाचा भार अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि हवा बदलली नाही तर तेथेच तरंगत राहतात. वासाने ते ओळखता येत नाहीत. पेरूच्या लिमा शहरातील रुग्णालयांत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनेही हेच दाखवले होते. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत हवा जितक्या वेगाने बदलत होती, तितकी नव्या, यंत्रांनी वारा देणाऱ्या वॉर्डांत बदलत नव्हती.

अशा वसाहतीतील तळमजल्यावरच्या गृहिणीला 'खिडकी उघडी ठेवा' असे सांगणे सोपे आहे. तिची खिडकी तीन मीटरच्या बोळात उघडते. बोळात वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो. पलीकडच्या देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर मुंबईभर पसरला होता. तिने दहा-वीस रुपयांची सुगंधी वडी आणून न्हाणीच्या दाराला टांगली, तर तिला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? जे तिला हवे आहे ते दुकानात मिळत नाही, आणि जे मिळते ते तिने घेतले. ऐसपैस सदनिकेत राहून दर पंधरा मिनिटांनी आपोआप फवारणारे यंत्र भिंतीवर बसवणाऱ्यांना हा बचाव उपलब्ध नाही. त्यांच्या खिडक्या उघडतात.

तेव्हा मागण्या दोन प्रकारच्या असायला हव्यात. घरात काही गोष्टी फार खर्चाविना होतात. खिडकीला जाळी, पलंगाला मच्छरदाणी, रांधताना समोरासमोरचे झरोके उघडे, ओल आलेल्या भिंतीची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी आणि उदबत्ती खिडकीपाशी. मात्र बाकीचे घराबाहेर ठरते. सुगंधी उत्पादनांच्या वेष्टनावर घटकांची नावे छापण्याची सक्ती करण्यास केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याला नवा कायदा लागणार नाही. २०११ च्या नियमांत एका दुरुस्तीने ते होईल. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत दमट-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश उघडझाप होणारी खिडकी सांगितली आहे. परंतु ती खिडकी कशासमोर उघडणार, यावर तिचा उपयोग ठरतो, आणि हे उत्तर सवलतींच्या फायलीत लिहिले जाते. शहरभर जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत असताना मोकळ्या जागेत सवलत मागणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत तळमजल्यावरील खोलीत किती उजेड आणि किती वारा पोहोचेल, याचे मोजमाप जोडलेले असावे आणि ते रहिवाशांना आधी पाहायला मिळावे. असे मोजमाप आज कोणत्याही वास्तुशास्त्र महाविद्यालयातील विद्यार्थी संगणकावर दोन दिवसांत करून देऊ शकेल. ऑर यांच्या काळात ते कागदावर कोन आखून करावे लागत असे.